चिअरलीडिंग : काम तेच, करणारे बदलले

2 नोव्हेंबर 1898 रोजी अमेरिकेतील मिनियापोलिस शहरात मिनेसोटा विद्यापीठाचा अमेरिकन फुटबॉलचा संघ नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाविरुद्ध मैदानात उतरला, तेव्हा लागोपाठच्या पराभवांनी तो खचलेला होता. प्रेक्षक ओरडत होते, पण ज्याला जसे सुचेल तसे. तेवढ्यात जॉनी कॅम्पबेल नावाचा विद्यार्थी जमावासमोर येऊन उभा राहिला आणि हातवारे करीत त्याने विद्यापीठाची 'रा, रा, रा! स्की-यू-मा' ही आरोळी सर्वांकडून एका तालात म्हणवून घेतली. तो सामना मिनेसोटाने जिंकला. संघटित चिअरलीडिंगचा जन्मदिवस म्हणून आज हीच तारीख सांगितली जाते.

पहिला चिअरलीडर पुरुष होता, एवढेच नव्हे तर पुढची पंचवीस वर्षे हे काम जवळजवळ पूर्णपणे पुरुषांचेच राहिले, हे आज सांगूनही पटकन पटत नाही. चिअरलीडर म्हटले की आखूड पोशाखातील, हातात रंगीत गोंडे घेतलेल्या हसतमुख तरुणी डोळ्यांपुढे येतात, आणि त्या चित्रावरूनच वाद सुरू होतो : हा प्रकार स्त्रियांचा अपमान करणारा आहे की त्यांना व्यासपीठ देणारा आहे? या प्रश्नाचे होकारार्थी किंवा नकारार्थी उत्तर देण्यापूर्वी एक साधी गोष्ट पाहायला हवी. हेच काम पुरुष करीत असताना त्याला कोणती किंमत होती आणि स्त्रियांकडे आल्यावर त्या किमतीचे काय झाले? माझ्या मते स्त्री-पुरुष समानतेचा खरा प्रश्न इथे दडलेला आहे, आणि पोशाखाची चर्चा त्याच्यानंतर येते.

विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकन महाविद्यालयांत चिअरलीडर होणे हा मान होता. हजारो लोकांच्या जमावाला ताब्यात ठेवायचे, कोणत्या क्षणी कोणती आरोळी द्यायची ते ठरवायचे, संघ हरत असताना प्रेक्षकांचा धीर सुटू द्यायचा नाही, हे सगळे नेतृत्वाचे गुण मानले जात. 'द नेशन' या नियतकालिकाने 1911 साली असे लिहिले की, चिअरलीडर म्हणून मिळवलेले नाव ही महाविद्यालयातून बरोबर नेण्याजोगी अत्यंत मोलाची गोष्ट आहे आणि पुढे व्यवसायात किंवा सार्वजनिक जीवनात वर चढण्यासाठी तिचे महत्त्व संघाचा क्वार्टरबॅक, म्हणजे फुटबॉल संघाच्या चढाईचा सूत्रधार खेळाडू, असण्याच्या जेमतेम एक पायरी खाली आहे. हे कौतुक पोकळ नव्हते. फ्रँकलिन रूझवेल्ट हार्वर्डमध्ये, ड्वाइट आयझेनहॉवर गुडघ्याच्या दुखापतीमुळे खेळ सुटल्यावर वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीत, रोनाल्ड रेगन युरेका महाविद्यालयात आणि जॉर्ज डब्ल्यू. बुश अँडोव्हरच्या फिलिप्स अकादमीत चिअरलीडर होते. चौघेही पुढे राष्ट्राध्यक्ष झाले.

स्त्रियांना या पथकांत प्रवेश मिळू लागला तो 1923 च्या सुमारास, आणि तोही पुन्हा मिनेसोटा विद्यापीठातच. पुढची दोन दशके हा बदल फार सावकाश झाला. दुसऱ्या महायुद्धात महाविद्यालयीन वयाचे पुरुष मोठ्या संख्येने सैन्यात गेले आणि कारखान्यांतील जागांप्रमाणे मैदानाच्या कडेच्या जागाही स्त्रियांनी भरून काढल्या. युद्ध संपल्यावर काही ठिकाणी त्यांना बाजूला करण्याचे प्रयत्न झाले, परंतु वारे फिरले होते. लॉरेन्स हर्किमर या टेक्सासमधील तरुण प्रशिक्षकाने 1948 साली घेतलेल्या पहिल्या चिअरलीडिंग शिबिरात 52 मुली आणि एकच मुलगा होता. त्याच हर्किमरने 1971 मध्ये गोंड्यांचे, म्हणजे पॉम-पॉमचे, पेटंट मिळवले. 1972 च्या हंगामात डॅलस काउबॉइज या व्यावसायिक फुटबॉल संघाने नव्या पोशाखातील नर्तिकांचे पथक उभे केले आणि दूरचित्रवाणीच्या कॅमेऱ्यांनी ते चित्र जगभर नेले. आज आपल्या मनात असलेली चिअरलीडरची प्रतिमा तिथून आलेली आहे, 1898 मधून नव्हे.

करणारे बदलले आणि त्याबरोबर शब्दही बदलले. जे नेतृत्व होते ते शोभा झाले. जमावाला हुकूम देणारा आवाज मागे पडून चेहरा, बांधा आणि हास्य पुढे आले. स्त्रिया आल्यामुळे काम हलके झाले असे कोणी उघडपणे म्हटले नसेल, पण ज्या क्षेत्रात स्त्रियांची संख्या वाढते तिथला मान आणि मोबदला उतरू लागतो, हा अनुभव इतर अनेक व्यवसायांतही आलेला आहे. टंकलेखन आणि शिक्षकी ही त्याची परिचित उदाहरणे. उलट बाजूने पाहायचे तर जपानमधील 'ओएन्दान' ही परंपरा पाहावी. तिथे शाळा-महाविद्यालयांचे विद्यार्थी गडद रंगाचा, गळ्यापर्यंत बटणे लावलेला गणवेश घालून, ढोलाच्या ठेक्यावर, घसा फाटेपर्यंत आरोळ्या देतात. प्रामुख्याने मुलांनी जोपासलेली ही परंपरा असून शिस्त, सहनशक्ती आणि मर्दानी करारीपणा यांच्याशी ती जोडली जाते. दोन्हीकडे काम एकच आहे : कडेला उभे राहून आपल्या संघाला बळ देणे. त्या कामात जन्मजात बायकी किंवा पुरुषी असे काही नाही. त्याला तसा रंग समाज देतो.

पुढे जाण्यापूर्वी एक घोळ सोडवून घेतला पाहिजे, कारण चिअरलीडिंग या एकाच नावाखाली तीन वेगळी कामे चालतात आणि वाद घालणारे अनेकदा वेगवेगळ्या कामांविषयी बोलत असतात. पहिले काम शाळा-महाविद्यालयांच्या पथकांचे : सामन्याच्या वेळी मैदानाच्या कडेला राहून प्रेक्षकांना उत्साह देणे. दुसरे स्पर्धात्मक चिअरलीडिंग : यात कोणत्याही संघाचा जयजयकार करायचा नसतो, तर सुमारे अडीच मिनिटांच्या सादरीकरणात कोलांट्या, मनोरे, उड्या आणि नृत्य दाखवून परीक्षकांकडून गुण मिळवायचे असतात. तिसरे व्यावसायिक संघांच्या नर्तिकांचे, जे मूलतः करमणूक उद्योगातील काम आहे. पहिल्यात प्रश्न मानाचा आणि सुरक्षिततेचा आहे, दुसऱ्यात खेळ म्हणून मान्यतेचा आणि तिसऱ्यात वेतनाचा. 'चिअरलीडिंग बंद करा' किंवा 'चिअरलीडिंगचा गौरव करा' असे म्हणणाऱ्याने आपण यांपैकी कशाविषयी बोलत आहोत ते आधी सांगावे.

या कामात शरीराला काय करावे लागते, हे जवळून पाहिल्याशिवाय पुढची चर्चा समजणार नाही. 'बास्केट टॉस' हा एकच प्रकार घेऊ. दोन मुली समोरासमोर उभ्या राहतात. त्यांना 'बेस' म्हणतात. प्रत्येक जण एका हाताने स्वतःचे मनगट आणि दुसऱ्या हाताने समोरचीचे मनगट घट्ट धरते, त्यामुळे चार हातांची चौकोनी वीण तयार होते. तिसरी मुलगी, म्हणजे 'फ्लायर', या विणीवर पाय ठेवून उभी राहते आणि चौथी, म्हणजे 'बॅकस्पॉट', तिला मागून आधार देते. मोजणी सुरू होते. सगळ्या एकाच वेळी गुडघ्यांत वाकतात आणि एकाच क्षणी सरळ होत फ्लायरला वर फेकतात. ती हवेत पाय फाकवून उडी साधते किंवा स्वतःभोवती गिरकी घेते आणि पाठीवर खाली येते. तेव्हा बेसच्या बाहूंनी तिची पाठ आणि मांड्या झेलायच्या असतात आणि बॅकस्पॉटने तिला काखेखालून धरून तिचे डोके व मान वाचवायची असते. एकीची मोजणी अर्ध्या क्षणाने चुकली तर फ्लायर तिरकी जाते. तिच्याकडे दोरी नसते, खाली जाळी नसते, आणि अनेकदा जाड गादीही नसते. असतात त्या फक्त तीन मैत्रिणींच्या भुजा.

5 मार्च 2006 रोजी सेंट लुइसमध्ये महाविद्यालयीन बास्केटबॉलच्या एका सामन्यात सदर्न इलिनॉय विद्यापीठाची एक चिअरलीडर मानवी मनोऱ्यावरून सुमारे पंधरा फूट खाली डोक्यावर पडली. तिच्या मानेच्या मणक्याला इजा झाली आणि मेंदूला मार बसला. तिला स्ट्रेचरवर पट्ट्यांनी जखडून बाहेर नेत असताना बँडने विद्यापीठाचे गीत वाजवायला सुरुवात केली आणि त्या मुलीने, मान बांधलेली असताना, झोपल्या झोपल्या दोन्ही हातांनी त्या गीताच्या ठरलेल्या हालचाली पूर्ण केल्या. प्रेक्षक उभे राहून टाळ्या वाजवीत होते. तिच्या जिद्दीला माझा मनापासून सलाम आहे. परंतु त्या चित्रफितीकडे पाहताना जिद्दीबरोबरच दुसरेही काही दिसते. मणका दुखावलेल्या खेळाडूकडून मैदानाबाहेर जाताना खेळत राहण्याची अपेक्षा कोणी करीत नाही. चिअरलीडरने मात्र हसत राहायचे असते, ही शिकवण तिच्या अंगात किती खोल मुरलेली होती, तेही त्या काही सेकंदांत दिसते.

हा अपवादात्मक अपघात नव्हता. अमेरिकेत रुग्णालयांच्या तातडीच्या विभागांत चिअरलीडिंगच्या दुखापतींसाठी झालेल्या भेटी 1980 मध्ये सुमारे पाच हजार होत्या, त्या 2007 पर्यंत पंचवीस हजारांच्या पुढे गेल्या. शालेय पातळीवर मुलींना खेळांत झालेल्या अतिगंभीर इजांपैकी, म्हणजे कायमचे अपंगत्व किंवा मृत्यू ओढवू शकणाऱ्या इजांपैकी, सुमारे दोन तृतीयांश इजा एकट्या चिअरलीडिंगमध्ये झाल्याचे अशा इजांची नोंद ठेवणाऱ्या राष्ट्रीय केंद्राच्या आकडेवारीत आढळले. हे ध्यानात घेऊन अमेरिकन बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने 2012 मध्ये स्पष्ट शिफारस केली की चिअरलीडिंगला खेळाचा दर्जा द्यावा. नाव बदलल्याने हाड मोडायचे थांबते का, असे कोणी विचारील. थांबत नाही, पण खेळाचा दर्जा मिळाला की त्याबरोबर पात्र प्रशिक्षक, सरावासाठी योग्य जागा, सरावाच्या तासांची मर्यादा, हजर असलेला वैद्यकीय साहाय्यक आणि दुखापतींची रीतसर नोंद या गोष्टी येतात. दर्जा नसलेल्या पथकाला व्यायामशाळेत इतर संघांचा सराव आटोपल्यावर उरलेली वेळ मिळते, किंवा शाळेच्या बोळातली कठीण फरशी मिळते. दर्जाचा वाद वरवर प्रतिष्ठेचा वाटतो. मुलीच्या मानेखाली गादी असणार की फरशी, हे त्यावर ठरते.

मग हा दर्जा सरसकट का दिला गेला नाही? इथे गुंता आहे, आणि तो नीट समजून घेण्यासारखा आहे. 23 जून 1972 रोजी राष्ट्राध्यक्ष रिचर्ड निक्सन यांनी सही केलेल्या शिक्षणविषयक कायद्यातील 'टायटल नाइन' या तरतुदीने असे ठरवले की, केंद्र सरकारचे अर्थसाहाय्य घेणाऱ्या कोणत्याही शिक्षणसंस्थेत लिंगाच्या आधारावर कोणालाही वगळता येणार नाही. तरतुदीच्या मजकुरात खेळांचा उल्लेख नाही, पण तिचा सर्वांत दृश्य परिणाम खेळांवरच झाला. 1971-72 मध्ये अमेरिकेतील माध्यमिक शाळांत सुमारे 2 लाख 94 हजार मुली खेळांच्या संघांत होत्या आणि मुले होती 36 लाखांहून अधिक. अलीकडच्या वर्षांत मुलींची संख्या 30 लाखांच्या पुढे गेली आहे. त्याआधीच्या अनेक पिढ्यांतील मुलींना मैदानाजवळ जाण्याचा जो एक मार्ग मोकळा होता, तो मैदानाच्या कडेचा होता. अंगात बळ, वेग आणि चापल्य असलेली मुलगी चिअरलीडर होत असे, कारण दुसरे काही होण्याची सोयच नव्हती.

टायटल नाइनचे पालन झाले की नाही हे तपासण्यासाठी 1979 मध्ये तीन कसोट्या ठरवण्यात आल्या आणि संस्थेने त्यांपैकी एक पार केली तरी पुरते. विद्यार्थ्यांत मुलींचे जे प्रमाण आहे साधारण त्याच प्रमाणात त्यांना खेळाच्या संधी मिळत असाव्यात. किंवा मुलींसाठी संधी सातत्याने वाढवत नेल्याचा इतिहास असावा. किंवा मुलींची आवड आणि क्षमता पूर्णपणे सामावून घेतली जात असावी. पहिली कसोटी सर्वांत सरळ आहे, कारण ती डोकी मोजते. पण डोकी मोजायची म्हटले की कोणाचे डोके मोजायचे हा प्रश्न येतो. चिअरलीडर खेळाडू मानायची की नाही? मानली, तर शाळा आपल्या मोठ्या चिअरलीडिंग पथकाकडे बोट दाखवून म्हणू शकते की मुलींना पुरेशा संधी आहेत, आता नवा संघ कशाला? म्हणूनच स्त्रियांच्या खेळांसाठी झटणाऱ्या अनेक मंडळींनीही चिअरलीडिंगला खेळ मानण्यास विरोध केला. बाहेरून पाहणाऱ्याला हे विचित्र वाटते, पण त्यांची भीती निराधार नव्हती.

ती किती खरी होती, हे कनेटिकट राज्यातील क्विनिपिॲक विद्यापीठाच्या प्रकरणात दिसले. 2009 मध्ये या विद्यापीठाने खर्चकपातीसाठी मुलींचा व्हॉलीबॉल संघ बंद करून त्याऐवजी स्पर्धात्मक चिअरलीडिंगला अधिकृत संघाचा दर्जा देण्याचे ठरवले. कमी खर्चात अधिक मुली मोजता येणार होत्या. व्हॉलीबॉलच्या खेळाडू आणि त्यांची प्रशिक्षक न्यायालयात गेल्या. न्यायाधीश स्टीफन अंडरहिल यांनी जुलै 2010 मध्ये निकाल दिला की त्या वेळच्या स्वरूपात स्पर्धात्मक चिअरलीडिंग टायटल नाइनसाठी खेळ ठरत नाही. 2012 मध्ये वरिष्ठ न्यायालयानेही तो कायम ठेवला. या मुलींना अंगमेहनत पडत नाही, असे न्यायालयाने कोठेही म्हटले नव्हते. अडचण व्यवस्थेची होती : सर्वत्र लागू असणारे एकसारखे नियम नव्हते, हंगामाची नीट आखणी नव्हती, आणि विद्यापीठाच्या पथकाला कधी शालेय तर कधी खासगी व्यायामशाळांच्या पथकांशी स्पर्धा करावी लागत होती. पुढेमागे हा खेळ म्हणून मान्य होऊ शकेल, असेही न्यायाधीशांनी नमूद केले. मला हा निकाल योग्य वाटतो, आणि तरीही तो वाचताना वाईट वाटते. ज्या मुलींना खेळाडू म्हणून अनेक वर्षे कोणी मोजले नव्हते, त्यांना मोजण्याची इच्छा संस्थेला झाली ती दुसऱ्या मुलींचा संघ मोडण्यासाठी.

समानतेचा आणखी एक पदर इथेच जोडलेला आहे. चिअरलीडर कोणासाठी ओरडतात? अनेक शाळांत त्या फक्त मुलांच्या सामन्यांना जात. टायटल नाइनखाली आलेल्या तक्रारींनंतर 2007 च्या सुमारास न्यूयॉर्क राज्यातील काही शाळांनी मुलींच्या बास्केटबॉल सामन्यांनाही पथके पाठवणे सुरू केले, तेव्हा त्याचे एकमुखाने स्वागत झाले नाही. काही चिअरलीडर नाराज झाल्या आणि मुलींच्या संघांतील काही खेळाडूंनाही त्यांचे असणे खटकले. मला यात नवल वाटत नाही. मुलीने मुलीच्या कौशल्याला जाहीरपणे दाद द्यावी, हे दृश्य दोन्ही बाजूंच्या डोळ्यांना नवखे होते.

कोणाला निवडायचे, या प्रश्नात स्त्री-पुरुष भेदाबरोबर वंशभेदही मिसळलेला आहे. टेक्सासमधील क्रिस्टल सिटी या गावातील माध्यमिक शाळेत बहुसंख्य विद्यार्थी मेक्सिकन वंशाचे होते, तरी चार चिअरलीडरांपैकी एकच मेक्सिकन वंशाची आणि बाकीच्या गोऱ्या, असा अलिखित कोटा पाळला जाई. डिसेंबर 1969 मध्ये विद्यार्थ्यांनी शाळेवर बहिष्कार टाकला आणि जानेवारीत शाळा मंडळाला मागण्या मान्य कराव्या लागल्या. गावाचा चेहरा म्हणून कोणती मुलगी उभी राहणार, हे ठरवण्याचा अधिकार कोणाकडे आहे, यावर ते भांडण होते.

व्यावसायिक संघांकडे वळले की चर्चा एकदम रोकडी होते. जानेवारी 2014 मध्ये ओकलंड रेडर्स या फुटबॉल संघाच्या एका चिअरलीडरने खटला दाखल केला. तिच्या तक्रारीनुसार संपूर्ण हंगामाचा मोबदला 1,250 डॉलर होता, तोही हंगाम संपल्यावर मिळे. सराव, कार्यक्रम आणि सामने यांचे सगळे तास धरले तर तासाला पाच डॉलरही पडत नव्हते, म्हणजे कायद्याने ठरवलेल्या किमान वेतनापेक्षा कमी. केशभूषेचा खर्च स्वतःचा, आणि सरावाला चुकीचे गोंडे आणले तरी दंड. ज्या लीगचे वार्षिक उत्पन्न अब्जावधी डॉलरांत मोजले जाते, तिच्या मैदानावरची ही गोष्ट आहे. त्याच वर्षी 12 लाख 50 हजार डॉलरांची तडजोड झाली, आणि पाठोपाठ इतर संघांच्या चिअरलीडरही न्यायालयात गेल्या. बफेलो बिल्सच्या चिअरलीडरांनी खटला भरल्यावर त्यांचे पथकच थांबवण्यात आले.

कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळात लोरेना गोन्झालेझ या सदस्य होत्या, ज्या स्वतः स्टॅनफर्ड विद्यापीठात चिअरलीडर होत्या. त्यांनी मांडलेल्या विधेयकावर जुलै 2015 मध्ये सही झाली आणि 2016 पासून त्या राज्यातील व्यावसायिक संघांच्या चिअरलीडर कायद्याने कर्मचारी ठरल्या. त्याचा अर्थ किमान वेतन, जादा तासांचा मोबदला, आजारपणाची रजा. एवढ्या साध्या गोष्टीसाठी वेगळा कायदा का लागावा? कारण तोपर्यंतची धारणा अशी होती की चिअरलीडर होणे हाच मोबदला आहे. मैदानावर झळकायला मिळते, ओळख होते, मग पैसे कशाला? पुरुषाला मैदानावर झळकायला मिळते म्हणून त्याचा पगार कापावा, असे कोणाच्या मनात येत नाही. स्त्रियांच्या कामाला 'आवड' म्हटले की ते फुकट मागता येते, आणि हे चिअरलीडिंगपुरते मर्यादित नाही.

पैशाइतकाच प्रश्न नियमांचा. 2018 मध्ये न्यू ऑर्लिन्स सेंट्स संघाने एका चिअरलीडरला समाजमाध्यमावर टाकलेल्या स्वतःच्या छायाचित्रावरून काढून टाकले. तिने रोजगारातील भेदभावाविरुद्धच्या आयोगाकडे तक्रार केली, तेव्हा तिथले नियम उघड झाले. चिअरलीडरांनी खेळाडूंशी समाजमाध्यमावर संपर्क ठेवायचा नाही, खेळाडूंची खाती त्यांनीच रोखायची. एखाद्या उपाहारगृहात खेळाडू आला तर चिअरलीडरने उठून निघून जायचे. खेळाडूंवर असे बंधन नव्हते. या नियमांचे समर्थन 'स्त्रियांचे संरक्षण' असे केले जाते. पण ज्याच्यापासून संरक्षण हवे तो टेबलावर बसून राहतो आणि जिला संरक्षण द्यायचे ती ताट सोडून उठते, याला संरक्षण म्हणता येणार नाही.

आता पोशाखाकडे आणि देखाव्याकडे. एका बाजूचे म्हणणे असे की पुरुषांच्या खेळाभोवती स्त्रियांचे शरीर सजावट म्हणून मांडले जाते, आणि मुलामुलींना लहानपणापासून हाच धडा मिळतो की तो खेळतो आणि ती टाळ्या वाजवते. दुसरी बाजू म्हणते की या प्रौढ, कुशल स्त्रिया स्वतःच्या इच्छेने हे काम निवडतात आणि त्यांच्या कपड्यांवरून त्यांची कीव करणे हाही एक प्रकारचा तुच्छताभावच आहे. मला दोन्ही म्हणण्यांत तथ्य दिसते. मात्र केवळ मनाई करून प्रश्न सुटतो असे दिसत नाही. 31 जानेवारी 2018 रोजी फॉर्म्युला वनने शर्यतीआधी गाड्यांसमोर तरुणी उभ्या करण्याची प्रथा बंद केल्याचे जाहीर केले. ती प्रथा जाण्याजोगीच होती. पण त्यातून मिळकत मिळवणाऱ्या अनेक स्त्रियांनी जाहीर तक्रार केली की निर्णय आमच्याविषयी झाला, आम्हाला मात्र कोणी विचारले नाही. चिअरलीडिंगमध्ये तर देखाव्याच्या जोडीला वर्षानुवर्षे कमावलेले कसब आहे. ते मोडीत काढून कोणाचा सन्मान होणार? पोशाख कोण ठरवते, नकार देता येतो का, वजनावरून कोणाला काढले जाते का, छायाचित्रांवर हक्क कोणाचा, हे प्रश्न विचारले तर वाद अमूर्त राहत नाही आणि उत्तरेही मिळू लागतात.

पुरुषांनाही या चौकटीचा जाच होतो, हे विसरता कामा नये. महाविद्यालयीन मिश्र पथकांत पुरुष कायम राहिले, पण मुख्यतः उचलणारे आणि झेलणारे म्हणून. ताकदीचे काम पुरुषी, त्यामुळे ते चालते. गोंडे घेऊन स्त्रियांबरोबर तेच नृत्य करणारे पुरुष मात्र वर्षानुवर्षे दिसत नव्हते. 2018 मध्ये लॉस एंजेलिस रॅम्स संघाच्या पथकात क्विंटन पेरॉन आणि नेपोलियन जिनीज यांची निवड झाली आणि फेब्रुवारी 2019 मध्ये ते सुपर बोलच्या, म्हणजे व्यावसायिक फुटबॉलच्या अंतिम सामन्याच्या, मैदानावर नाचले. 2025 मध्ये मिनेसोटा व्हायकिंग्ज संघाने आपल्या पथकातील दोन पुरुषांची चित्रफीत प्रसिद्ध केली, तेव्हा त्यांच्यावर टीकेचा भडिमार झाला, संघाचा पाठिंबा सोडण्याच्या धमक्या देण्यात आल्या. संघ आपल्या निवडीवर ठाम राहिला. हे घडले मिनियापोलिसमध्ये, जिथे 1898 मध्ये जॉनी कॅम्पबेल प्रेक्षकांसमोर उभा राहिला होता. त्याला तेव्हा कोणी पुरुषार्थाविषयी विचारले नव्हते. सव्वाशे वर्षांत काम इतके 'बायकी' ठरले होते की ते करणारा पुरुष आपली पायरी उतरला असे लोकांना वाटले. आणि पुरुष पायरी उतरला असे ज्यांना वाटते, ते स्त्रीला मुळात कोणत्या पायरीवर ठेवतात, हे त्यातच उघड होते.

मान्यतेच्या बाजूने मात्र बरेच काही हलले आहे. शंभराहून अधिक देशांतील संघटना सदस्य असलेल्या आंतरराष्ट्रीय चिअर युनियनला आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने 2016 मध्ये तात्पुरती आणि 2021 मध्ये पूर्ण मान्यता दिली. याचा अर्थ चिअरलीडिंग ऑलिंपिक स्पर्धांत आले असा नव्हे, पण त्यासाठी अर्ज करण्याचे दार उघडले. अमेरिकन महाविद्यालयांत क्विनिपिॲकच्या निकालानंतर वेगळा मार्ग निघाला : मनोरे, फेकी आणि कोलांट्या यांना पक्के नियम, ठरावीक हंगाम आणि गुणपद्धती देऊन 'ॲक्रोबॅटिक्स अँड टम्बलिंग' हा मुलींचा स्वतंत्र खेळ उभा करण्यात आला, आणि 2020 मध्ये महाविद्यालयीन खेळांच्या राष्ट्रीय संघटनेने त्याला उदयोन्मुख खेळांच्या यादीत घेतले. क्विनिपिॲक विद्यापीठात आज हा संघ आहे आणि न्यायालयात जाऊन वाचवलेला व्हॉलीबॉल संघही आहे. दोन्ही संघ एकाच वेळी असू शकतात, हे 2009 मध्ये अशक्य म्हणून सांगितले जात होते.

या नव्या खेळात गोंडे नाहीत, कोणाच्या नावाची आरोळी नाही, आणि नावात 'चिअर' हा शब्दही नाही. खेळ म्हणून मोजले जाण्यासाठी या मुलींना जे सोडावे लागले ते नेमके दुसऱ्याला बळ देण्याचे काम होते, ज्याला 1911 मध्ये पुढाऱ्याचा गुण म्हटले जात होते. ते काम संपलेले नाही. शुक्रवारी संध्याकाळी शाळेच्या मैदानाच्या कडेला एक मुलगी अजूनही मैत्रिणींच्या मनगटांवर पाय रोवून उभी राहते, हरणाऱ्या संघासाठी आवाज चढवते, आणि तिच्या शाळेच्या कागदपत्रांत ती बऱ्याच ठिकाणी अजूनही खेळाडूंच्या रकान्यात नसते.